नव्व्याण्णव वर्षांनंतरचे एक कोटी

ज्या गावात केशकर्तनालयाच्या खुर्चीपासून महापालिकेच्या सभागृहापर्यंत प्रत्येक इसमाला गुंठ्याचा चालू भाव तोंडपाठ आहे, त्या गावात ‘स्थावर मालमत्तेचे वित्तव्यवस्थापन’ हा विषय पगार घेऊन शिकवणे हा उद्धटपणाचाच एक प्रकार होय. आणि तो उद्धटपणा मी पिंपरी-चिंचवडातील एका व्यवस्थापन महाविद्यालयात गेली काही वर्षे वेळापत्रकाबरहुकूम करीत आलो आहे. विषय मी मागून घेतलेला नाही. तो पूर्वी शिकवणारे माझे सहकारी एका उन्हाळी सुट्टीत मोशीच्या बाजूला ‘सहज एक प्लॉट पाहून येतो’ म्हणून जे गेले ते परत आले नाहीत. राजीनामा टपालाने आला, आणि पुढे ते स्वतः भेटले तेव्हा त्यांच्या गाडीची लांबी आमच्या कर्मचारी-कक्षाहून अधिक होती. त्या रिक्त जागी माझी नेमणूक करताना प्राचार्य म्हणाले, “तुम्ही सुरक्षित आहात. तुम्हाला व्यवहारातलं काही कळत नाही.” ही माझ्या पात्रतेची संस्थेने केलेली एकमेव लेखी-तोंडी नोंद.

विद्यार्थी दोन जातींचे. सकाळच्या तुकडीत भोसरी, चिखली, मोशी, कुरुळी या गावांची मुले. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महापालिका झाली, आणि या प्रत्येक शुभप्रसंगी ज्यांच्या आजोबांच्या बाजरीच्या शेतात कोणी तरी खुंट्या ठोकल्या, ती ही घराणी. संध्याकाळच्या तुकडीत चाकणच्या वाहन-कारखान्यांतून पहिली पाळी संपवून आलेले अभियंते. यांच्याकडे जमीन नाही, कर्ज आहे. म्हणजे माझ्या विषयाची मालमत्ता सकाळी भरते आणि वित्त संध्याकाळी. मधल्या वेळात मी डबा खातो.

नेमलेले पाठ्यपुस्तक अमेरिकेतले. त्यात जॉन नावाचा एक सालस गृहस्थ पहिल्या प्रकरणात घर पाहतो, दुसऱ्यात कर्ज काढतो, तिसऱ्यात सही करतो आणि चौथ्यात हिरवळीवर पाणी मारतो. मी ही कथा प्रथम सांगितली तेव्हा वर्गात जी शांतता पसरली, ती मी व्याख्यानाच्या प्रभावाची समजलो. मग मागच्या बाकावरून विचारणा झाली, “सर, जॉनच्या उताऱ्यावर नावं किती?”

“एकच. जॉनचे.”

“आणि चुलते?”

“पुस्तकात उल्लेख नाही.”

“मग इतर हक्कात काही बोजा? कूळ? विहिरीचा हिस्सा? पाणंद?”

जॉनला विहीर नव्हती. वर्गाने परस्परांकडे पाहिले, आणि या जॉनने घेतलेली मालमत्ता निश्चितच वादातली असून मूळ मालकाने त्याला फसवले आहे, असा एकमुखी निर्णय तेथल्या तेथे झाला. सातबारा, आठ-अ, फेरफाराचा उतारा, मोजणीचा नकाशा आणि वकिलाचा ३० वर्षांचा शोध-अहवाल यांपैकी एकही कागद न पाहता सही करणारा मनुष्य चौथ्या प्रकरणापर्यंत सुखी राहिलाच कसा, हे कोडे घेऊन मुले घरी गेली. दुसऱ्या दिवशी एकाने येऊन सांगितले की त्याच्या वडिलांनी जॉनला “आधी तलाठ्याला भेट म्हणावं” असा निरोप दिला आहे.

तथापि माझ्या अध्यापनाची खरी शोभा झाली ती वर्तमानमूल्याच्या तासाला. आजचा रुपया उद्याच्या रुपयाहून श्रेष्ठ, हे या शास्त्राचे आद्य सूत्र. भविष्यात मिळणारी कोणतीही रक्कम व्याजाच्या दराने मागे मागे आणीत आजच्या तारखेला किती उरते ते पाहायचे, की झाले. स्थानिक उदाहरण घ्यावे म्हणून मी फळ्यावर पट्ट्याची जमीन घेतली. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाले, त्याने भूखंड दिले ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, आणि मौज अशी की पट्ट्यांचे अर्धे आयुष्य सरते न सरते तोच २०२१ साली प्राधिकरणच विसर्जित झाले; भाडेकरू शाबूत, मालक कैलासवासी. तर समजा, मी म्हणालो, अशा पट्ट्याच्या अखेरीस, ९९ वर्षांनंतर, एका मनुष्याला एक कोटी रुपये मिळणार आहेत. दरसाल दरशेकडा १० दराने त्यांची आजची किंमत किती? गणकयंत्रे खडखडली. उत्तर आले: सुमारे ८०० रुपये.

हे उत्तर बरोबर आहे. मी तीन वेळा तपासून पाहिले असून औद्योगिक महामंडळाच्या ९५ वर्षांच्या पट्ट्याला हाच नियम लावला तर, चार वर्षे अलीकडे असल्यामुळे, ही रक्कम ११७० च्या आसपास जाते.

“म्हणजे एक कोटीचा माल ८०० ला?” भोसरीचा एक विद्यार्थी उभा राहिला.

“आज ८००. माल नव्व्याण्णव वर्षांनी.”

“मग मी घेतो. कोण विकतंय?” आणि त्याने खरोखरच पाकीट काढले. पाठोपाठ दुसऱ्याने “मला दोन,” अशी मागणी नोंदवली, तिसऱ्याने मित्रांत भागीदारी करावी असे सुचवले, आणि क्षणार्धात संपूर्ण वर्ग खरेदीदार होऊन बसला. विकायला मात्र कोणी तयार होईना. तुमच्या नातवाच्या नातवाला मिळणाऱ्या एक कोटीवरचा हक्क कोण सोडतो, असे मी वर्गाला विचारले, तर ज्यांच्याकडे तूर्त बसचा सवलत-पासही नव्हता तेही खिशावर हात ठेवून गप्प झाले. पहिल्या बाकावरची मुलगी तेवढी म्हणाली, “सर, हे ८०० रुपये माझ्या आजीला दाखवू नका. ती अठ्ठ्याऐंशीची आहे, आणि अजून मोजणीवाल्याच्या साखळीमागे स्वतः चालते.” ज्या सूत्रावर जगातील पेढ्या, विमा कंपन्या आणि निवृत्तिवेतननिधी उभे आहेत, ते सूत्र एका वृद्धेच्या भयाने मी त्या दिवशी पुसले आणि हजेरी घेतली.

पुढचा प्रश्न दराचा. १० टक्केच का, असे विचारणे शास्त्रशुद्ध असल्याने मी ते उत्तेजनार्थ विचारले, आणि पस्तावलो. मुदतठेवीचा दर, पतसंस्थेचा दर, भिशीत बोली लागते तो दर, हातउसन्याचा दर आणि ‘मामाकडून घेतले तर’ असा पाचवा दर फळ्यावर आला. शेवटच्याला व्याज शून्य असले तरी मामेबहिणीशी विवाह करण्याची जोखीम धरावी लागते, असे स्पष्टीकरण मिळाले. याच तासाला किमतीचाही घोळ झाला. येथील प्रत्येक जमिनीला तीन किमती असतात: सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातली, म्हणजे रेडी रेकनरची, दस्तात लिहिलेली, आणि कानात सांगितलेली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत पहिल्या दोहोंची गाठ पडते, तिसरी कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंतच येते. “सर, कानातला भाव एक्सेलच्या कुठल्या रकान्यात टाकायचा?” या प्रश्नाला उत्तर देण्याचे मी सेवानियमांकडे पाहून टाळले.

उत्तरपत्रिका तपासणे हा प्राध्यापकी जीवनातला एरवी शोकरसाचा भाग. माझ्या विषयात मात्र तोच विरंगुळा. ‘स्थावर मालमत्तेतील जोखमीचे प्रकार सांगा’ या प्रश्नाला पुस्तकी उत्तर बाजार, व्याजदर, तरलता असे आहे. तुकडीतील बहुसंख्यांनी पहिल्या क्रमांकावर ‘चुलत भाऊ’ लिहिले होते. एकाने तर वर्गीकरणच केले होते: पूर, आग व बिल्डर या जोखमी गुंतवणूक चार ठिकाणी विभागली असता कमी होतात, चुलत भाऊ हा चारही उताऱ्यांवर असल्याने विविधीकरणाने टळत नाही. वित्तशास्त्राला अभिप्रेत असलेली न टळणाऱ्या जोखमीची व्याख्या याहून नेमकी मी कधी शिकवली नव्हती. मी पूर्ण गुण दिले. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने सादर केलेला प्रबंध याच घराण्यातला. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली दिला, त्यानंतर या भागातल्या भावांचे बहिणींवरील प्रेम एकाएकी उफाळून आले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. हिने आपल्या आत्या, मावश्या व शेजारणी यांची चौकशी करून भाऊबीजेच्या ओवाळणीचा आकडा आणि हक्कसोडपत्राची तारीख यांतील सहसंबंध काढला होता. दस्ताच्या आधीच्या दिवाळीत पैठणी. नंतरच्या दिवाळीत ब्लाउजपीस. आलेख इतका सुरेख उतरला होता की मी तो प्राचार्यांना दाखवला, त्यांनी तो पाहिला, गंभीर झाले, आणि “आमच्या ताईला कसं कळलं?” एवढेच पुटपुटून परत केला.

उद्योगक्षेत्रातील अनुभवी व्यक्तींची व्याख्याने ठेवावीत, असा विद्यापीठीय आग्रह असतो. बोलावलेले एक बँक-अधिकारी वाहतुकीत अडकल्यामुळे आयत्या वेळी पोकळी निर्माण झाली, आणि मुलाची फी भरायला आलेल्या एका पालकांना मी धरून वर्गात नेले. चाकणजवळच्या एका वाडीतले हे गृहस्थ. पांढरा सदरा, खिशाला खतांच्या दुकानाचे नाव असलेले पेन, हातात कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका. सर्व त्यांना आण्णा म्हणत. कंपन्यांत काम करणाऱ्या बीड-यवतमाळकडच्या आणि बिहारकडच्या पोरांना खोल्या भाड्याने देणे हा त्यांचा उद्योग. पत्रिकेच्या पाठीवर, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’च्या बरोबर मागे, त्यांनी गणित मांडले: दहा बाय दहाची पत्र्याची खोली बांधायला दीड लाख, भाडे महिना चार हजार, वर्षाचे अठ्ठेचाळीस.

“म्हणजे बत्तीस टक्के,” मी घाईने म्हणालो. “पण आण्णा, तुम्ही जमिनीची किंमत धरली नाहीत.”

“जमीन आज्याची. मी कुठं इकत घेतली?”

“तरीही शास्त्र असे म्हणते की ती विकून आलेला पैसा अन्यत्र गुंतवला असता तर जे मिळाले असते, ते तुमच्या खर्चात धरायचे.”

आण्णांनी पेनाचे टोपण लावले. “विकली असती तर काय झालं असतं, ते तुमी मला नका सांगू सर. आमच्या थोरल्यानं विकली. दोन वर्सं फॉर्च्युनर फिरवली. आता ती दारात उभी आहे, डिझेलला पैसे नाईत, आणि थोरला माझ्याच खोल्यांचं भाडं गोळा करतो, दर खोलीमागं पन्नास रुपये घेऊन.”

संधिव्ययाची संकल्पना इतक्या थोडक्यात कोणत्याही ग्रंथात आलेली नाही. मी हट्टाने खोल्या रिकाम्या राहण्याचे प्रमाण विचारले. तर ते म्हणाले की कंपनीने कंत्राटी पोरांना ब्रेक दिला की खोल्या ओस पडतात. पण त्याआधीच त्यांना सुगावा लागलेला असतो, कारण दुसऱ्या पाळीचा ओव्हरटाइम बंद झाला की पोरे खोलीवर स्वयंपाक करू लागतात आणि पाण्याचा टँकर चोवीस तासांत संपतो. “टँकर दोन दिस पुरला की समजायचं, गाड्या खपतायत.” वाहनउद्योगाच्या मंदीचा अंदाज घेण्यासाठी मोठमोठ्या पेढ्या भारी पगाराचे विश्लेषक ठेवतात, संध्याकाळच्या तुकडीतील निम्मे अभियंते त्या दिवसापासून समभाग घेण्याआधी आण्णांना फोन करून टँकर विचारतात. माझे व्याख्यान कोणी विचारीत नाही.

हा सर्व अधिक्षेप मी शास्त्रनिष्ठेच्या बळावर सोसला असता. परंतु घरातही शास्त्राला थारा नव्हता. सदनिका घ्यावी की भाड्याने राहावे, या विषयावर मी एक विस्तृत तक्ता केला होता. ५० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षे: हप्ता ४३,३९१ रुपये, एकूण फेड एक कोटी चार लाखांच्या वर, पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ नुसते व्याजात, मुद्दल जेमतेम ८,००० हलते. उलट तशाच सदनिकेचे भाडे १६,०००. म्हणजे भाड्याने राहून शिलकी रक्कम गुंतवीत गेलो तर वीस वर्षांनी आम्ही धनाढ्य. तक्ता रंगीत होता.

सौभाग्यवतींनी तो शांतपणे पाहिला. “अहो, यात खिळा कुठे आहे?”

“कसला खिळा?”

“घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाहीत. सासूबाईंचा फोटो चार वर्षं कपाटावर उताणा आहे. त्याचा रकाना कुठला?”

खिळ्याचे वर्तमानमूल्य काढण्याची पद्धत माझ्या शास्त्रात नाही. शिवाय भाडे भरून उरणारे सत्तावीस हजार दरमहा कोठे जात होते, हा उपप्रश्न त्यांनी वाण्याच्या वहीसह मांडला, तेव्हा तक्त्याचा रंगच उतरला. सदनिका घेतली गेली. सध्या मी सकाळी भाड्याने राहणेच कसे श्रेयस्कर आहे हे शिकवतो, आणि महिन्याच्या पाच तारखेस, हप्ता कापल्याचा संदेश तासाच्या मध्यात वाजला की वर्ग अदबीने क्षणभर उभा राहतो.

सदनिका पाहण्याच्या निमित्ताने नमुना-सदनिका नामक प्रकाराशी परिचय झाला, आणि पुढे तो मी क्षेत्रभेटीच्या रूपाने विद्यार्थ्यांवरही लादला. नमुना-सदनिकेत खोल्यांना दारे नसतात, कारण दार उघडायला जागा लागते. पलंग पाच फुटांचा असतो, आणि तो पाच फुटांचा आहे हे संध्याकाळच्या तुकडीतील एका सहा फुटी अभियंत्याने त्यावर आडवे होऊन सिद्ध केले तेव्हा विक्रीकन्येने “सर, हा फक्त बघायचा बेड आहे,” असे अत्यंत मार्दवाने सांगितले. महारेरा १ मे २०१७ पासून आले, चटई-क्षेत्र कायद्याने बांधले गेले, ग्राहकांच्या पैशांतील ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणे बिल्डरांना भाग पडले. पलंगाच्या लांबीबाबत मात्र कायदा अद्याप मौन आहे. जाहिरातफलकांवरील मिनिटांचेही तसेच. ‘चाकण फक्त १५ मिनिटे’ हे अंतर कोणी, कोणत्या प्रहरी, कोणत्या वाहनाने मोजले, याचा तपास लागत नाही. १६६० साली शाइस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो मूठभर शिबंदीनिशी जवळजवळ दोन महिने झुंजवला. चाकणचा तळेगाव चौक तेव्हा आजच्यासारखा तुंबलेला असता तर खानाचा तोफखाना वेढ्याच्या जागी पोहोचण्यातच पावसाळा संपला असता, असे आमच्या क्षेत्रभेटीच्या बसच्या चालकाचे मत पडले. ते सांगायला त्याला वेळही भरपूर होता.

या मुलुखाची खरी मालमत्ता जमीन नसून ‘प्रस्तावित’ ही आहे, हे मला त्या बसमध्ये उमगले. प्रस्तावित वर्तुळमार्ग, प्रस्तावित उन्नत मार्ग, प्रस्तावित मेट्रो. मेट्रो बिचारी ६ मार्च २०२२ रोजी पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत धावू लागली आणि त्या क्षणी प्रस्तावितपणाला मुकली. आता तिच्या नावावर भाव वाढवायचा तर ती पुढे कोठे तरी प्रस्तावित करावी लागते. विमानतळाने मात्र हे पथ्य कसोशीने पाळले. चाकण-राजगुरुनगर भागात तो व्हायचा म्हणून कित्येक वर्षे गुंठे चढत राहिले; २०१६ साली तो पुरंदरकडे वळला. विमान नाही, धावपट्टी नाही, तरी त्याच्या नावाने इकडच्या कित्येकांनी उड्डाण करून घेतले, आणि काही अजून हवेतच आहेत.

वर्षअखेरीस प्रकल्पांची तोंडी परीक्षा होती. बहिःस्थ परीक्षक म्हणून एका बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालेले, करड्या मुद्रेचे गृहस्थ लाभले. मोशीच्या एका विद्यार्थ्याने राजगुरुनगरच्या अलीकडील अकरा गुंठ्यांच्या भूखंडाचा प्रकल्प मांडला; परताव्याचा दर चोवीस टक्के.

“चोवीसच कसा आला?” परीक्षकांनी चष्म्यावरून विचारले.

“सर, आधी चोवीस लिहिला. मग खालचे आकडे तसे बसवले. एक्सेलमध्ये सोय आहे.” आणि त्याने आदरपूर्वक जोडले, “कमी हवा असेल तर कमी करतो.”

“आणि या सातव्या वर्षी किंमत दुप्पट होते, ती कशामुळे?”

“विमानतळ.”

“तो पुरंदरला गेला.”

“गेला की सर. पण पुरंदरवाल्यांना तो नकोय. म्हणजे परत येऊ शकतो.”

परीक्षकांनी लेखणी खाली ठेवली. बेशिस्त गृहीतके, प्रमाणभूत माहितीचा अभाव, तर्कदुष्टता, असे सर्व ताशेरे त्यांच्या मुखावर मला स्पष्ट दिसत होते, आणि एक विभागप्रमुख या नात्याने मी खुलासाही जुळवीत होतो. त्यांनी दाराकडे पाहिले, खुर्ची पुढे ओढली, आणि आवाज खाली आणून विचारले, “उतारा स्वच्छ आहे?”

“एकदम. चुलते दोनच, दोघांच्याही सह्या झाल्यात. जायचं का बघायला? गाडी खाली आहे.”

“अहो, पण गुणपत्रक—” मी उठून म्हणालो. “अजून आठ विद्यार्थी बाहेर बसले आहेत.”

“त्यांनाही घ्या,” परीक्षक काठी शोधत म्हणाले. “अकरा गुंठ्यांत दहा जण. एकट्याला परवडायचं नाही, आणि तुमच्या हप्त्यामुळे तुम्हाला मी अर्ध्याच गुंठ्याला धरतो.”